पुणे-सांगली गाडी ठरवताना लिंबचा थांबा आधीच बोला

पुण्याहून सांगलीला एकेरी भाड्याची गाडी करणार असाल, तर वाटेत साताऱ्याच्या अलीकडे लिंबची बारा मोटेची विहीर नक्की पाहा. अठराव्या शतकातली ही दगडी विहीर, आत चक्क महाल! हायवे सोडून थोडंच आत जावं लागतं.

मात्र हा थांबा गाडी बुक करतानाच सांगा. आनेवाडी टोलनाका ओलांडल्यावर ड्रायव्हरला विचारलंत, तर त्याचीही अडचण होते, कारण सांगलीहून परतीचं भाडं त्याने बहुधा ठरावीक वेळेचं घेतलेलं असतं. टोल भाड्यात धरलाय का, फाट्यापासून आत जाण्या-येण्याचे जादा किलोमीटर कसे लावणार, वेटिंग किती मिनिटांनंतर सुरू होतं, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या भाड्यावरून सांगलीत दारात वाद होतात, आणि त्यात निम्म्या वेळा चूक कुणाचीच नसते. विहिरीसाठी तासभर धरा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, आजी-आजोबांना हात धरूनच उतरवा.

गाडीची नंबरप्लेट पिवळीच हवी, काळ्या अक्षरांची; इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरवी, पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.