घराबाहेर कामाला बसण्याआधी

गोव्यात जागा निवडताना आधी वीज बघा, मग वायफाय. पावसाळ्यात वीज गेली की राउटरही बंद पडतो. म्हणून ‘इन्व्हर्टर आहे का’ एवढंच न विचारता ‘राउटर त्यावर आहे का’ हेही विचारा. चहा मागवण्याआधी स्पीड टेस्ट करा, आणि अपलोडचा, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटाच्या वेगाचा, आकडा बघा. व्हिडिओ मीटिंगला ५ एमबीपीएस असला तर काळजी नाही. डाउनलोड भरपूर असूनही तुमचा आवाज तुटतो तो अनेकदा अपलोडमुळे. जाड चिऱ्याच्या भिंतींच्या जुन्या घरातल्या कॅफेत मोबाइलची रेंज पडते, तिथे खिडकीजवळ बसा. एकाग्रतेच्या कामाला पणजीत पाटोचं कृष्णदास शामा ग्रंथालय उत्तम. कॉल मात्र बाहेर येऊनच घ्या. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, चार्जर विसरू नका.