कार्बोरेटर नवीन घ्यायच्या आधी एकदा उघडून तर बघा

सकाळी पार्किंगमध्ये गेलो तर वडिलांच्या स्प्लेंडरखाली फरशीवर पेट्रोलचा ओला डाग आणि अख्ख्या जिन्यात वास, रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा राहिला होता. मेकॅनिकने दुकानातून उठायचे पण कष्ट घेतले नाहीत, लांबूनच सांगितलं की कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, गेलाय, नवीनच टाका. घरी आणून उघडला तर गेली होती फक्त फ्लोटची नीडल, म्हणजे वाटीतला तरंगता डबा (फ्लोट) वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी, बोटाच्या पेराहून छोटी सुई. तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच आहे की कार्बोरेटर हा एक पार्ट नाही, तो पंधरावीस बारीक पार्टचा डबा आहे आणि त्यातला नेमका कुठला बिघडलाय ते कळेपर्यंत खिशात हात घालायचा नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि त्यानंतरच्या नवीन गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा हे सगळं त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जुनी स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, युनिकॉर्न, आरएक्स १०० वगैरे.

आधी गाडी काय सांगते ते ऐका, पाना नंतर हातात घ्या. उभ्या गाडीतून पेट्रोल गळतंय तर फ्लोट, त्याची नीडल नाहीतर खालच्या ड्रेन स्क्रूचं रबर. चोक ओढला की चालते, चोक खाली केला की बंद, म्हणजे स्लो जेट (जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) चोंदलाय किंवा कुठूनतरी फालतू हवा आत येतेय. स्लोला व्यवस्थित आहे पण रेस दिली की गुदमरते तर मेन जेट, आणि पल्सर-युनिकॉर्नसारख्या व्हॅक्युमच्या कार्बमध्ये, म्हणजे जिथे स्लाइड केबलने नाही तर इंजिनच्या ओढीने उचलली जाते, डायफ्राम (पातळ रबरी पडदा) फाटलेला असू शकतो. प्लग काजळीसारखा काळा आणि अ‍ॅव्हरेज पडलंय तर स्लाइडची (रेस पिळली की वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याची) सुई झिजलीय का बघायचं, पण त्याआधी एअर फिल्टर काढून बघा, निम्म्या वेळा तोच मातीने बुजलेला असतो आणि बिचाऱ्या कार्बला शिव्या बसतात.

गळती असेल तर फोर-स्ट्रोक गाडीत (म्हणजे आरएक्स १०० सोडून) अजून एक काम, आणि हे बरेच जण विसरतात. इंजिन ऑइलची कांडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय किंवा लेव्हल आपोआप वाढलीय तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलंय, अशी गाडी चालू करायची नाही, कार्ब दुरुस्त झाला की आधी ऑइल बदलायचं मग किक मारायची.

काम गॅलरीत किंवा अंगणात करा, स्वयंपाकघराच्या जवळपास नको, आणि सिगरेट पिणाऱ्या मित्राला त्या दिवशी बोलवू नका. कॉक बंद, इंजिन गार, आणि कार्ब काढायच्या आधी खालचा ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. बरणी मिनिटभर हलवू नका. तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतोय, गंजाची तांबडी पूड बसलीय, तर मूळ रोग टाकीत आहे, कार्ब कितीही घासला तरी आठवड्यात परत तेच. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली की कार्बच्या वाटीत पांढरी खरखरीत बुरशीसारखी पूड धरते, ती या पाण्यामुळेच.

आता स्क्रू. जपानी घराण्यातल्या कार्बचे स्क्रू आपल्या साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरला बरोबर बसत नाहीत, टोक वर उचललं जातं आणि खाच गोल होते. ड्रायव्हर घट्ट बसतोय का ते बघा, नसेल बसत तर जरा मोठ्या नंबरचा लावा, स्क्रूवर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून दहा मिनिटं थांबा, मग ड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर हातोडीने एक हलका टोला मारा आणि दाबून फिरवा, फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर. तरी खाच गेलीच तर छोट्या व्हाइस ग्रिपने स्क्रूचं डोकं धरून सुटतो. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत जा, नंतर हा वॉशर कुठला म्हणून डोकं खाजवत बसायला नको.

वाटी उघडली की फ्लोट दिसतो. त्याची बारीक पिन एका बाजूनेच निघते, पकडीने ओढायची नाही, ज्या खुंट्यांत ती असते त्या मोडल्या तर मग खरंच नवीन कार्ब. फ्लोट कानाजवळ हलवा, आत खळखळ झाली तर भोक पडलंय. खात्री करायची तर पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर गरम पाण्यात बुडवून धरा, जिथून बुडबुडे येतील तिथे चीर. प्लॅस्टिकच्या फ्लोटला फेव्हिक्विक लावायच्या फंदात पडू नका, पेट्रोलमध्ये ते टिकत नाही, सरळ बदला. जुन्या गाड्यांच्या पितळी फ्लोटला डाग देता येतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून मगच, आत वाफ राहिली आणि सोल्डर गन लावली तर भडका होईल, आणि डागही इवलासाच, कारण फ्लोट जड झाला की तो खाली बसतो आणि वाटीत पेट्रोलची लेव्हल वर चढते.

आता ती नीडल. टोकाला काळं किंवा तपकिरी रबर असतं, ते उजेडात धरून नखाने चाचपा. माझ्या नीडलच्या रबरावर गोल रिंगसारखी खाच पडली होती, अगदी पेन्सिलने रेघ ओढल्यासारखी, डोळ्याला नीट दिसत नव्हती पण नख अडकत होतं, आणि त्या खाचेतूनच रात्रभर थेंब थेंब. नख अडकलं की नीडल फेका. नवीन टाकायच्या आधी ती जिथे बसते ती पितळी सीट कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर थोडी मेटल पॉलिश घेऊन बोटांनी फिरवत घासा, मग पेट्रोलने धुवा, नाहीतर नवी नीडल पण गळणार आणि तुम्ही दुकानदाराशी भांडणार. दुकानात जाताना जुनी नीडल खिशात घेऊन जा, गाडीचं नाव सांगून आणलेली लांबीत फरक निघते. नीडलच्या मागे छोटी स्प्रिंगवाली दांडी असते, ती दाबून सोडल्यावर परत वर आली पाहिजे.

जुळवल्यावर तिथेच एक टेस्ट करा. कार्ब उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होते, आता पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ पाइप लावून हलकं फुंकायचं (तोंडाने ओढायचं नाही, फक्त फुंकायचं, तेही सगळं धुऊन वाळल्यावर), हवा अडली पाहिजे. सरळ धरला की हवा गेली पाहिजे. इथे पास झालं तर गाडीवर बसवायला हरकत नाही.

जेटमध्ये सुई, टाचणी, स्टोव्हची पिन घालणाऱ्यांची मला भीतीच वाटते. जेट पितळेचा, त्याचं भोक मापाने पाडलेलं असतं आणि लोखंडी तार फिरवली की ते मोठं होतं, मग गाडी कायमची पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर मारून अर्धा तास ठेवा, मासेमारीचा नायलॉन दोरा किंवा वायरीतली तांब्याची एकच बारीक तार हळूच आरपार घाला, मग सायकलच्या पंपाने हवा मारा. जेट डोळ्यासमोर धरून आकाशाकडे बघायचं, भोक पूर्ण गोल दिसलं तर साफ, अर्धचंद्रासारखं दिसलं तर अजून घाण आहे. स्लो जेटच्या बाजूला बारीक आडवी भोकं असतात तीही बघा. आणि क्लीनर मारताना डोळ्यावर चष्मा हवाच, एका भोकात मारला की दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो.

स्लोचा मिक्श्चर स्क्रू, म्हणजे स्लोला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, काढताना आधी आत पूर्ण बसेपर्यंत हलक्या हाताने फिरवा, किती आटे गेले ते मोजून कागदावर लिहा, मगच बाहेर काढा. आवळायचा नाही, टोक सुईसारखं असतं, दाबलं की टोकाला कडं पडतं किंवा तुटून भोकात अडकतं. त्याच्यासोबत स्प्रिंग, एवढासा वॉशर आणि एवढंसं रबर निघतं, ते रबर बऱ्याचदा आतच चिकटून राहतं आणि लोक ते न बघता वर दुसरं घालतात.

स्लाइडवर उभे ओरखडे आणि आत हलवल्यावर खडखड येत असेल तर झिजलीय, त्याला घरगुती इलाज नाही. तिची सुई टेबलावर लोळवून बघा, वाकडी किंवा मधे चपटी झालेली असेल तर ती आणि ती ज्या जेटमध्ये फिरते तो, जोडीने बदला. व्हॅक्युमच्या कार्बमध्ये डायफ्राम हलका ताणून बल्बसमोर धरा, टाचणीएवढं भोक असलं तरी पिकअप जातो. त्याला क्लीनर अजिबात लावायचा नाही, रबर फुगतं आणि खाचेत परत बसत नाही. पेट्रोलने फुगलं असेल तर फेकायची घाई नको, एक दिवस सावलीत ठेवा, बऱ्याचदा परत मापात येतं. चिकटपट्टी, ट्यूबचं सोल्यूशन वगैरे सगळं करून झालंय माझं, दोन दिवसांत उकलतं.

सगळं नवं घालूनही स्लो एकसारखा राहत नसेल तर कार्ब आणि इंजिनमधला जोड बघा. लोकांनी वर्षानुवर्षं बोल्ट आवळून आवळून कार्बचे कान वाकवलेले असतात, मधे फट. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, पाण्याने ओला करा आणि कार्बचं तोंड त्यावर आठच्या आकड्यात फिरवा, पूर्ण तोंड एकसारखं चमकलं की झालं, मग धुवा आणि ओ-रिंग नवी घाला. गाडी चालू असताना त्या जोडावर स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी मारायचं, आवाज बदलला तर अजून हवा ओढतेय. काहीजण इथे क्लीनर मारायला सांगतात, गरम इंजिनवर पेटणारी वस्तू मारायची अक्कल मला तरी झेपत नाही.

बसवताना, केबलने स्लाइड उचलणाऱ्या साध्या कार्बमध्ये, स्लाइडचा कापलेला भाग फिल्टरकडे आणि लांब खाच आतल्या खुंटीवर. उलटी बसली तर किक मारताच गाडी फुल रेसवर बोंबलते. म्हणून चालू करायच्या आधी रेस पिळून सोडा, स्लाइड खाली आपटल्याचा टक् आवाज आला पाहिजे, हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, दोन्हीकडे टक्. आला नाही तर केबल कुठेतरी अडकतेय.

आता कॉक चालू करा, खाली वर्तमानपत्र टाका आणि चहा पिऊन या. कागद कोरडा असेल तर किक. दहा मिनिटं गरम होऊ द्या, रेसचा स्क्रू जरा वर घ्या, मग मिक्श्चर स्क्रू लिहून ठेवलेल्या आट्यांपासून पाव पाव आटा फिरवत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं फिरेल तिथे थांबा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, सोडला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, सोडला की वाढतं, आणि यातच सगळे गोंधळतात. मग रेस परत खाली आणा. वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून प्लग काढा, पार्लेजीच्या रंगाचा निघाला तर हात लावू नका, काळा निघाला तर परत पाव आटा, पेट्रोल कमी होईल त्या बाजूला.