गाडी पडते कितीला? दारातल्या कारचा आठ वर्षांचा हिशेब

कोल्हापुरात नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देतीया?" दुसरा प्रश्न हप्त्याचा. आठ वर्षांनी विकताना हातात किती येणार, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात मोठा खर्च तर तिथंच असतो. पाडव्याला गाडी बुक करायची म्हणून मेव्हणा पेटला होता, तेव्हा त्याच्याबरोबर बसून वहीच्या एका पानावर हा हिशेब मांडला. तुम्हीही तसाच मांडा. आमच्या आकड्यांच्या जागी तुमचे घाला.

1. आधी दोन आकडे ठरवा

गाडी किती वर्षं ठेवणार आणि वर्षाला किती किलोमीटर चालवणार? दुसरा आकडा तोंडी विचारला की फुगतो. "पुण्याला तर सारखंच जाणं असतंय की," असं मेव्हणा म्हणाला. मोजायला बसलो तर वर्षात चार खेपा निघाल्या. गोकुळ शिरगावला कामावर रोज कारनं जायचं म्हटलं तर ये-जा 20 किलोमीटर, 300 दिवसांचे 6,000. त्यात पुणे, जोतिबा, लग्नंकार्यं धरून आम्ही 10,000 लिहिले. वर्षं आठ.

2. घट काढा

घट म्हणजे गाडी घेताना गेलेले पैसे वजा विकताना येणारे. ही पायरी लोक गाळतात. शोरूमची किंमत 8 लाख, गाडी पेट्रोलची. 10 लाखांपर्यंतच्या अशा खासगी गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स 11 टक्के, म्हणजे 88,000. विमा, नोंदणी, सीट कव्हर वगैरे धरून 9,40,000 झाले. आता आठ वर्षांपूर्वीच्या त्याच मॉडेलच्या, एमएच 09 (कोल्हापूर) पासिंगच्या जुन्या गाड्यांच्या तीन-चार जाहिराती बघा. मागितलेला भाव आणि सौदा यांत फरक असतो, तेव्हा दहा टक्के कापा. आम्ही 2,50,000 धरले. घट 6,90,000.

विश्वास बसत नसेल तर विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची आजची किंमत, बघा. चार वर्षं उलटून पाचवं लागलं की विम्याच्या ठरलेल्या कोष्टकात 50 टक्के घसारा धरतात. टॅक्सचे पैसे त्या आकड्यात नसतातच.

3. हप्ता नको, व्याज लिहा

6 लाखांचं कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण 12,455, आणि एकूण व्याज 1,47,000. मुद्दल गाडीच्या किमतीत आधीच धरलं आहे. पूर्ण हप्ता लिहिलात तर तेच पैसे दोनदा मोजले जातील.

4. पेट्रोल

कंपनीचं ॲव्हरेज विसरा. तीच गाडी चालवणाऱ्या कुणालाही टाकी फुल ते टाकी फुल मोजायला सांगा. आम्हाला 16 मिळालं. 105 रुपये दर धरला तर वर्षाला 65,600, आठ वर्षांचे सव्वापाच लाख.

5. किरकोळ वाटणारं

दुसऱ्या वर्षापासूनचा विमा वर्षाला सरासरी 14,000 धरून 98,000. सर्व्हिसिंग, टायरचा एक सेट, दोन बॅटऱ्या आणि वॉरंटीनंतरची कामं मिळून 1,44,000. टोल, पार्किंग, धुलाई 48,000.

विम्यात काटकसर करताना मात्र 2019 आणि 2021 चा पूर आठवा. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आमच्या गल्लीत 2021 ला एकानं "बघू तरी चालू हुतीया का" म्हणून चावी फिरवली आणि तिथंच घात झाला.

6. बेरीज आणि दोन भागाकार

एकूण 16,52,000. त्याला 96 महिन्यांनी भागा: महिन्याला 17,200 रुपये. 80,000 किलोमीटरनी भागा: किलोमीटरला साडेवीस रुपयांच्या वर. त्यात पेट्रोल फक्त साडेसहा रुपये.

एवढं झाल्यावर बहीण आतून म्हणाली, "अहो, पण तुम्ही तर रोज कामाला मोपेडवरनंच जाता!" खरं होतं. अधूनमधून कारनं जाणं धरूनही वर्षाचा आकडा 5,000 किलोमीटरवर आला. पेट्रोल निम्मं झालं, पण घट, व्याज, विमा जवळपास तिथंच. उभी गाडीही खातेच. एकूण 13,90,000, भागिले 40,000. किलोमीटरला जवळजवळ 35 रुपये. या भावात जोतिबाला भाड्याची गाडी परवडते का, हे तिच्या दराशी ताडून बघा. कार नसेल त्या दिवसांसाठी मोपेड आणि वडाप (शेअर जीप) आहेच.

मेव्हण्यानं पाडव्याचं बुकिंग केलं नाही. आता तीन वर्षं वापरलेल्या गाडीचे आकडे तो त्याच पानाच्या मागं लिहितोय. दुरुस्तीची रक्कम वाढवून धर, एवढंच मी सांगितलं. रंग मात्र ठरलाय, पांढरा.