हॉट रॉडच्या फायरवॉलमध्ये इंजिनासाठी खोबण

डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) टोपी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीच्या, पत्र्याला टेकली तेव्हा इंजिन अजून चेन ब्लॉकलाच लटकत होतं. माउंटची भोकं जुळायला ते आणखी सव्वा इंच मागे जायला हवं होतं. हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन; माझी गाडी १९३२ ची फोर्ड कूपे, इंजिन शेव्हरोलेचं ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक. ही जोडी जमवताना इथे अडचण येते ती दोन्ही इंजिनांच्या घडणीतल्या फरकामुळे. फोर्डने त्या वर्षी आणलेल्या २२१ घनइंची फ्लॅटहेड व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर पुढच्या टोकाला असतो. शेव्हीच्या स्मॉल-ब्लॉकचा तो १९५५ च्या पहिल्या २६५ पासून मागच्या टोकाला, थेट फायरवॉलच्या तोंडाशी आहे. तुमचं इंजिन अजून ठरलं नसेल तर याचा आत्ताच विचार करा. फोर्डच्याच २८९ किंवा ३०२ मध्ये डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, आणि शेव्हरोलेच्याच नंतरच्या एलएस इंजिनाला तो नसतोच.

इंजिन ठरलेलं असेल, तर कापण्याआधी इतर ठिकाणी किती जागा मिळते ते बघा. स्मॉल-ब्लॉकला दोन लांबीचे वॉटर पंप येतात. आखूड पंप लावला की पुढे इंचभराहून जास्त जागा सुटते आणि तेवढं इंजिन पुढे घेता येतं. मात्र पंप बदलला की क्रँक आणि अल्टरनेटरच्या पुल्याही त्याच मापाच्या घ्याव्या लागतात. कॉइल टोपीतच असलेला एचईआय डिस्ट्रिब्युटर चांगला रुंद असतो. त्याजागी लहान टोपीचा, बाहेर वेगळी कॉइल असलेला बसवला की मागेही जागा होते. मी दोन्ही केलं. तरी टोपी आणि पत्रा यांच्यात करंगळी जेमतेम शिरत होती, म्हणून फायरवॉलमध्ये खोबण, म्हणजे आत गेलेली पेटीसारखी जागा, करायचं ठरवलं. रेडिएटर पुढे ढकलायचा मोह मी टाळला. ३२ च्या गाडीचा चेहरा म्हणजे तिची ग्रिल, ती हलवली की गाडी ओळखू येत नाही.

आता मापं. मापं घेताना बॉडी चेसिसवर तिच्या खऱ्या पॅडांसकट बोल्टने आवळलेली हवी. गाडी पुढेमागे जशी उभी राहणार आहे तशीच टेकूंवर उभी करा. रेडिएटर, ग्रिल, स्टिअरिंग कॉलम, ब्रेकचं पेडल, सगळं जागेवर लावा. मागच्या बाजूला गिअरबॉक्स जोडलेला असू द्या. इंजिनाला मागे साधारण ३ अंश उतार देतात आणि कार्ब्युरेटरची बैठक त्या हिशेबानेच तिरकी कापलेली असते. हा उतार फायरवॉलच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टोपी क्रँकपासून १५ इंच उंच असेल, तर ३ अंशांत ती पाऊण इंच मागे झुकते. इंजिन सपाट ठेवून माप घेतलं तर नेमका तेवढाच पाऊण इंच शेवटी कमी पडतो.

माझी पहिली खोबण मापाने अगदी बरोबर होती आणि तरीही मला ती कापून टाकावी लागली. टोपीभोवती इंचभर मोकळं सोडलं होतं, बेलहाउसिंगभोवतीही (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण). इंजिन सुरेख बसलं. मग बेलहाउसिंगचे वरचे दोन बोल्ट आवळायला गेले तर पाना बोल्टवर बसला, पण फिरेना. बाबा आयुष्यभर पत्राकाम करत आले. ते शेजारी उभे होते. म्हणाले, "अगं, इंजिनाचं माप घेतलंस, हाताचं कुठे घेतलंस?" तेव्हापासून मी पुठ्ठा हातात घेण्याआधी प्रत्येक काम एकदा खरंच करून बघते. टायमिंगसाठी डिस्ट्रिब्युटर दोन्ही बाजूंना फिरवते, त्याचा खालचा क्लॅम्प सैल करते, टोपी काढते, मग अख्खा डिस्ट्रिब्युटर सरळ वर उपसते. व्हॉल्व्ह कव्हर उचलते. बेलहाउसिंगच्या प्रत्येक बोल्टवर पाना घालून निदान एक खाच फिरवते. जिथे हात अडतो तिथे पत्र्यावर खडूने खूण. त्या खुणा जोडल्या की खोबणीचा आकार आपोआप समोर येतो. तो आकार इंजिनाच्या आकारापेक्षा बराच मोठा असतो.

त्यात इंजिनाच्या हालचालीची जागा वेगळी धरा. रबरी माउंटवरचं इंजिन जोर लावला की डाव्या अंगाने वर उचलतं आणि उजवीकडे कलतं. म्हणून उजवीकडे थोडं जास्त सोडा. लांब पहार घेऊन इंजिन तिकडे दाबून बघा, म्हणजे किती सोडायचं ते कळतं.

दुसऱ्या बाजूचीही मापं घ्या. खोबण जितकी खोल, तितकी आत बसणाऱ्याच्या पायांची जागा कमी. सीट ठेवा, त्यावर बसा, जे बूट घालून चालवणार तेच घाला, तिन्ही पेडल दाबा. वायपरचा दांडा, काऊलच्या (विंडशील्डखालच्या पत्र्याच्या) झरोक्याची यंत्रणा आणि हीटर कुठे येतात तेही बघा. मला दोन इंच खोली पुरली. रुंदी मी मध्यापुरतीच ठेवली आणि दोन्ही कडांचा मूळ पत्रा शाबूत राहिला. नव्वद वर्षं टिकलेला पत्रा आहे तो, त्यातला गरजेपुरताच काढावा असं माझं मन सांगतं. अख्खी फायरवॉल काढून सपाट पत्रा ठोकणारे पुष्कळ आहेत. पण ३२ च्या फायरवॉलवरच्या मूळ दाबाच्या रेषा पुन्हा तशा उमटवणं फार अवघड जातं.

कापण्याआधी बॉडीला आतून आधार द्या. फायरवॉल काऊलला ताठ धरते. ती कापली की काऊल हलतं, आणि काऊल हललं की दाराच्या फटी बिघडतात. चौकोनी पाइपाचा एक तुकडा काऊलच्या डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत, आणि दोन तिरके तुकडे तिथून खाली फ्लोअरपर्यंत. टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून जोडा, नंतर काढायचेच आहेत. दारं लावून फटी मोजा आणि मापं दाराच्या आतल्या अंगाला लिहून ठेवा.

पुठ्ठ्याचा साचा करा आणि तो घडी घालून, चिकटपट्टी लावून खरोखरीची पेटी होईपर्यंत सोडू नका. पेटी जागेवर ठेवा, इंजिन पुन्हा आत घ्या, सगळी कामं पुन्हा करून बघा. मगच पत्र्यावर आखा. मी १८ गेजचा साधा पत्रा वापरते. तो साधारण १.२ मिमी जाड असतो आणि हाताने नीट वळतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने ताप भरतो.

फायरवॉल आधी पेटी आत शिरेल एवढीच कापा. कोपऱ्यांना आधी ड्रिलने गोल भोकं पाडा आणि मग त्या भोकांपर्यंत कापा. टोकदार कोपरा राहिला तर पुढे तिथूनच चीर जाते. पेटीच्या तोंडाला चहूबाजूंनी १२ मिमीची कड बाहेर वळवा. आता पेटी जागेवर धरून कडेच्या बाहेरची रेघ फायरवॉलवर उमटवा आणि त्या रेघेवर नेमकं कापा. असं केलं की जोड पेटीच्या कोपऱ्यात न येता सपाट पत्र्यावर येतो. तिथे हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) दोन्ही पोचतात. पेटीची मागची भिंत सपाट राहिली तर इंजिनाच्या कंपनाने डबा वाजवल्यासारखी वाजते. बीड रोलरवर (पत्र्यात उठावाच्या रेषा उमटवणाऱ्या यंत्रावर) तिच्यात दोन-तीन उभ्या रेषा काढल्या की ती ताठ होते. हे वेल्ड करण्याआधी करायचं.

आता वेल्डिंग. घाई केली की पत्रा इथेच ओढला जातो. बॅटरी, पेट्रोलची टाकी, पाइप, सीट, सगळं गाडीबाहेर न्या. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. पत्रा क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलात तर त्याच्या अंशावर आर्क पडल्यावर फॉस्जिन तयार होतो. तो विषारी वायू आहे. म्हणून साधं ॲसिटोन घ्या आणि ते पूर्ण सुकू द्या. मिग वेल्डरला ०.६ मिमीची तार लावा. पहिला टॅक वर मध्यावर, दुसरा खाली मध्यावर, मग डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक टॅकनंतर हात ठेवून बघा. पत्रा कोमट असला तरी थांबा. पुढचा टॅक नेहमी आधीच्यापासून लांब मारा. दोन टॅकांमध्ये बोटभर अंतर उरलं की प्रत्येक टॅक घासून सपाट करा आणि डॉली मागे धरून हलके ठोका. वेल्ड थंड होताना आकसतो, ठोकल्याने पुन्हा पसरतो. ओढलेला पत्रा त्यानेच जागेवर येतो. मला पूर्ण जोडाला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशीचा बहुतेक वेळ पत्रा थंड होण्याची वाट बघण्यातच गेला.

घासताना वेल्डच्या कडेचा पत्रा पातळ होत नाही ना, इकडे लक्ष ठेवा. मग आधार काढण्याआधी दारांच्या फटी पुन्हा मोजा.

एक परीक्षा चुकवू नका. रात्री सगळे दिवे बंद करा, गाडीच्या आत एक प्रखर दिवा ठेवा आणि इंजिनाच्या बाजूने बघा. जिथून किरण दिसेल तिथून उद्या कार्बन मोनॉक्साइडही आत येईल. त्याला वास नसतो. मला डाव्या खालच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं सापडली. ती भरून दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर मारला आणि त्यावर आतून सीम सीलर (जोड बुजवायचा लेप) लावला. वायर आणि नळ्यांच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट घालायचं. जुनी, आता कामाची न उरलेली भोकं पत्र्याच्या चकत्यांनी वेल्ड करून बुजवायची.

सीलर सुकल्यावर इंजिन आत घेतलं. बेलहाउसिंगच्या वरच्या डाव्या बोल्टवर पाना ठेवला आणि तो पूर्ण पाव वळसा फिरला. बाबांनी पाना माझ्या हातून घेतला आणि उजवा बोल्ट स्वतः आवळला.