इम्प्लांटनंतर या चुका टाळा: दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका

खऱ्या दाताभोवती तंतूंची पातळ गादी असते. दातावर जास्त ताण आला की तीच कळवते. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू; त्याच्याभोवती ही गादी नसते. त्यामुळे इम्प्लांट बिघडत असतानाही दुखेलच असं नाही.

पहिल्या दिवशी गॉज ३०-४५ मिनिटं दाबून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघत बसलात तर रक्त थांबायचं नाही. २४ तास थुंकणं, जोरात चुळा भरणं बंद. नाहीतर जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. चौथ्या दिवसानंतर ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक बधिरपणाची. खालच्या मागच्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवलाय आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ-हनुवटी बधिरच आहे, तर ‘इंजेक्शनचा असर असेल’ म्हणून वाट पाहू नका. नस दबलेली असू शकते. इम्प्लांट थोडा मागे घ्यायचा किंवा काढायचा असेल, तर पहिल्या २४ ते ३६ तासांत केल्याचा फायदा जास्त.

वरच्या मागच्या दाताच्या जागी असेल तर दोनेक आठवडे नाक शिंकरू नका; शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका.

दुसरा ते चौथा आठवडा फसवा. दुखणं गेलेलं असतं, पण सुरुवातीची यांत्रिक पकड कमी होत असते आणि नवं हाड अजून पुरेसं धरलेलं नसतं. त्या बाजूने काहीही कडक चावू नका.

काहीतरी हलतंय? नेमकं काय हलतंय ते महत्त्वाचं. हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर बसवलेली छोटी तात्पुरती टोपी) निघाली तर डबीत ठेवून लगेच दवाखाना गाठा, कारण हिरडी एक-दोन दिवसांतच मिटायला लागते. स्वतः फिरवून बसवायला जाल तर गिळली जाण्याची, श्वासनलिकेत जाण्याची भीती. नंतर बसवलेली पक्की कॅप (म्हणजे वरचा कृत्रिम दात) हलत असेल किंवा तिच्या आतला स्क्रू सैल असेल, तर डॉक्टर टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने) घट्ट करतात. सैल कॅपवर चावत राहिलात तर आतला स्क्रू तुटू शकतो, आणि तुटका तुकडा काढणं हे फार किचकट काम. मात्र इम्प्लांटच हलत असेल तर हाडाने धरलेलं नाही. घट्ट करून उपयोग नाही, तो काढावाच लागतो.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी ब्रश करताना तिथून रक्त आलं, तर कॅप चिकटवताना जास्तीचं राहिलेलं सिमेंट किंवा साचलेला प्लाक (जंतूंचा चिकट थर) शोधावा लागतो. हाड शाबूत असेपर्यंत हिरडीची सूज बरी होऊ शकते. म्हणून कॅप बसवली त्या दिवशीचा एक्सरे जपून ठेवा; हाड उतरलं का, हे नव्या एक्सरेशी ताडूनच कळतं.