फायबर बोटीचा ट्रान्सम नव्याने बांधायचाय? आधी हे जमवा

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन बसतं. तिच्या आत, फायबरच्या दोन कातड्यांमध्ये, प्लायची फळी असते. पहिली तयारी दिवसांची. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, बोटी वर ओढलेल्या, म्हणून बरेच जण ट्रान्समचं काम नेमकं तेव्हा काढतात. तेव्हा काढू नका. पावसात लाकूड वाळत नाही आणि दमट हवेत रेझिन (फायबर आणि लाकूड धरून ठेवणारं, वाळून कडक होणारं द्रव) नीट कडक होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उघडा आणि मे संपायच्या आत बंद करा. वर ताडपत्री हवीच.

फळी खरंच कुजलीय का, ते हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज येईल तिथे खूण करा. आतल्या बाजूने, अगदी खाली एक बारीक भोक पाडा. भुसा काळा आणि ओला आला तर फळी गेली. स्ट्रिंजरची, म्हणजे तळाशी लांबीला जाणाऱ्या आधाराच्या वाशांची, टोकंही ठोका, कूज तिथवर पोचलेली असते.

आता भोकं. हे सामान आधी आणून वेगळं ठेवा, कारण मागच्या वेळी माझं हेच राहिलं आणि नवी फळी बोल्टांभोवती पुन्हा काळी पडली. फळीत पाणी शिरतं ते इंजिनाच्या बोल्टांपाशी, ड्रेन प्लगपाशी, फिश फाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) सेन्सरच्या आणि शिडीच्या स्क्रूंपाशी. नुसतं सीलंट पुरत नाही. इंजिनाच्या थरथरीने ते सुटतं आणि आतला प्लाय उघडा पडतो. म्हणून अर्धा इंची बोल्टसाठी आधी २० मिमीचं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने (हे एक प्रकारचं रेझिन) पूर्ण भरायचं, कडक झालं की त्यातून १३ मिमीचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टभोवती लाकूड उघडं राहत नाही. तर सामान हे: दोन्ही मापांचे बिट, इपॉक्सी आणि ते घट्ट करायची सिलिका पावडर. आजच यादीत लिहा.

इंजिन, बॅटरी, पेट्रोलची नळी काढा. कापण्याआधी पुठ्ठ्यावर ट्रान्समचा आकार, मधली रेघ आणि जुनी भोकं उतरवून घ्या. ट्रान्समची उंची मोजून लिहा: शॉर्ट शाफ्टच्या (आखूड दांड्याच्या) इंजिनाला १५ इंच, लाँगला २०. जाडीही लिहा, नाहीतर इंजिनाचे क्लॅम्प बसणार नाहीत.

आतली फायबरची कातडी कापा, बाहेरची ठेवा. पण फळी निघाली की ती बाहेरची कातडी लवचिक होते, म्हणून बाहेरून सरळ वासे बांधून तिला आधार द्या. आधार न देता कापलं तर नवी फळी वाकडीच बसणार. ग्राइंडर चालवताना मास्क, गॉगल आणि लांब बाह्या. ही धूळ छातीत जाते, यात चालढकल नको.

प्लाय आयएस ७१० चा मरीन घ्या, १८ मिमीचे दोन थर. साधा कमर्शियल प्लाय कुणी कितीही स्वस्तात दिला तरी नको. रेझिन मी इपॉक्सीच घेईन, लाकडाला ते जास्त चांगलं धरतं. इपॉक्सी घेतलं तर नेहमीचा चॉप्ड मॅट (फायबरच्या तुकड्यांची चटई) नको, त्याचा बाइंडर, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा चिकटा, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकानेच विरघळतो. विणलेलं कापड आणा. पॉलिएस्टरवरच काम करणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी. दोन्ही बाटल्या लांब लांब ठेवा, मदतीला येणाऱ्या पोरांनाही हे बजावून सांगा.

फळी कोरडी बसवून बघा. मग पातळ रेझिन पाजा, कडांना जास्त, कारण प्लाय कडेनेच पाणी पितो. त्यानंतर घट्ट रेझिनवर बसवून क्लॅम्प लावा. चारही कडांनी रेझिन बाहेर आलं पाहिजे, नाही आलं तर आत पोकळी आहे. हे सगळं सकाळी. एप्रिलच्या दुपारी रेझिन भांड्यातच कडक होतं.

कोपऱ्यांना गोलाई द्या, म्हणजे कापड काटकोनात उचललं जाणार नाही. जुनं फायबर जाडीच्या बारा पट रुंदीपर्यंत घासून उतरतं करा: ५ मिमी जाडी असेल तर ६० मिमी. त्यावर थर चढवा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुवा आणि मगच पॉलिश पेपर मारा. वरून रंग, जेलकोट (पॉलिएस्टरचा चकचकीत वरचा थर) नको.

मग पुन्हा भोकं! मोठं पाडा, भरा, कडक होऊ द्या, लहान पाडा. ड्रेन प्लगचंही तसंच. इंजिन लवकर चढवायच्या घाईत हेच राहतं, म्हणून हा दिवस वेगळा काढा.

बोल्ट ३१६ स्टीलचे, मोठे वॉशर, पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा. पुढे कधी सेन्सर किंवा शिडीसाठी एखादा स्क्रू मारायचा झाला, तरी त्याचं भोक आधी भरा.