इंग्लिश ब्रेकफास्ट चहा: निवडायचा कसा, करायचा कसा आणि कशाबरोबर घ्यायचा

पहिलं एकच सांगते, हा चहा पातेल्यात घालून उकळायचा नसतो. आमच्या बेळगावात बघाल तर जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी बंगळूरला, पुण्याला नाहीतर परदेशात असतंय, ते गणपतीला घरी येताना एक छानसा डबा आणतात, डबा चार महिने शोकेसमध्ये बसून राहतो, मग एक दिवस घरातली पावडर संपली की तोच उघडायचा, आलं ठेचून घालायचं, साखर, निम्मं दूध, पाच मिनिटं खळाखळा उकळायचं आणि मग म्हणायचं, काय की बाई, एवढा महागाचा पण नुसता कडू लागतोय. कडू लागणारच. तो चहा उकळत्या पाण्यात झाकून ठेवण्यासाठी केलेला असतो.

माझी चूक उलटी होती. मी टीबॅग कपात दोनदा बुडवून बाहेर काढायची आणि वर अर्धा कप दूध ओतायची. आज्जीनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ह्याला च्या म्हणतीस होय गं? रंगाचं पाणी हाय हे." तिचं बरोबर होतं. हा मुळात दणकट चहा आहे, दूध पचवणारा. जो माणूस आपल्या कडक च्यावर वाढलाय त्याला हा आवडायला काहीच अडचण नसते, फक्त पानाला पूर्ण उतरू द्यायला पाहिजे.

आता हे नाव. इंग्लिश ब्रेकफास्ट नावाचा कुठला मळा नाही, हे एक ब्लेंड आहे, म्हणजे सकाळी अंडी, टोस्ट, तळलेलं असं भरपेट खाताना दूध घालून घ्यायला चांगला लागेल असं काळ्या चहांचं मिश्रण. त्यात काय किती घालायचं ह्याचा कुठलाही कायदा नाही, प्रत्येक कंपनी आपल्या अंदाजानं करते, म्हणून दोन डबे कधी सारखे लागत नाहीत. ट्वायनिंग्ज १७०६ पासून लंडनमध्ये चहा विकतेय हे खरं, पण डब्यावर कितीही लंडनचं घड्याळ छापलं तरी आतलं पान बहुतेक आसाम, श्रीलंका नाहीतर केनियाचंच असतं. जुन्या ब्लेंडांत चीनचा कीमन नावाचा काळा चहाही असायचा, अजून काही कंपन्या घालतात. ह्या पानांची चव ओळखता आली की डबा निवडणं एकदम सोपं होतं.

आसामचं पान चहाला अंग देतं. तिथे रानात वाढणारी चहाची झाडं रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला १८२३ साली दिसली म्हणतात, पण तिथले सिंगफो लोक त्याच्या कितीतरी आधीपासून ते पान पीत होते. ब्रह्मपुत्रेचं गरम, ओलं खोरं आणि मोठं पान, त्यामुळे तो चहा गडद होतो, घट्ट होतो, आणि त्याला एक वास असतो ज्याला चहावाले माल्टी म्हणतात. हा शब्द मला बरेच दिवस कळला नव्हता. मग एकदा घरी मोड आणलेली नाचणी वाळवून भाजत होते, सत्त्व करायला, आणि तोच वास आला! माल्ट म्हणजे तरी काय, मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं धान्यच. तेव्हापासून आसाम चांगला आहे का बघायला मी डब्यात नाक घालून नाचणी सत्त्वाचा वास शोधते. हा वास सगळ्यात जास्त मेअखेर-जूनमध्ये तोडलेल्या पानाला असतो, पाकिटावर त्याला सेकंड फ्लश लिहितात.

श्रीलंकेचा म्हणजे सिलोन चहा तरतरी देतो, जिभेच्या कडेला हलकी चुणचुण आणि तोंड स्वच्छ. तिथे आधी कॉफीच होती. कॉफीवर तांबेरा पडला आणि मळेच्या मळे गेले, आपल्याकडे सोयाबीनवर पडतो तसलाच बुरशीचा रोग, मग लोक चहाकडे वळले. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश मळेवाल्यानं १८६७ मध्ये चहाची पहिली व्यापारी लागवड आधीच केलेली होती. केनियाचा चहा विषुववृत्तावर होतो, वर्षभर तोडणी चालते, आणि तो ब्लेंडला तांब्यासारखा लालसर रंग देतो. दूध घातल्यावर जो सोनेरी-लाल रंग दिसतो तो पुष्कळदा त्याचाच.

तर दुकानात गेल्यावर डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागची बाजू वाचा. कुठल्या देशाचा चहा ते लिहिलंय का, पॅकिंगची तारीख काय. तारीख जुनी असेल तर ऑफर कितीही मोठी असू दे, ठेवून द्या, सहा-आठ महिन्यांच्या आतलं मिळालं तर उत्तम. सिलोन हवा असेल तर तलवार धरलेल्या सिंहाचा शिक्का बघा, तो श्रीलंकेत पॅक केलेल्या शुद्ध सिलोन चहावरच असतो. आसामच्या पाकिटावर टी बोर्डाचा गेंड्याचा लोगो असतो. आणि ऑरेंज पिको असं कुठे दिसलं तर त्याचा संत्र्याशी काही संबंध नाही हं, ते पानाच्या ग्रेडचं नाव आहे. बीओपी म्हणजे ब्रोकन ऑरेंज पिको, त्यातलंच तुटलेलं पान, आणि ह्या चहाला मला तरी बीओपीच बरं वाटतं, रंग लवकर सोडतं आणि वासही टिकतो. फॅनिंग्ज आणि डस्ट त्याहून बारीक, टीबॅगमध्ये बहुतेक हेच असतं. त्यात वाईट काही नाही, घाईच्या सकाळी तेच कामाला येतं. इंग्लंडात टीबॅग आणली टेटलीनं, १९५३ मध्ये, आणि ती टेटली २००० साली टाटांनी घेतली, म्हणजे टेटलीची टीबॅग वापरताना आपण काही फार परकं करत नाहीये.

खरं सांगायचं तर महागडा डबा लागतच नाही. माझं घरचं मिश्रण सांगते. दोन भाग आसाम, जमलं तर ऑर्थोडॉक्स म्हणजे अख्खं वळलेलं पान, नाहीतर चांगल्या बागेचा सीटीसी, ज्याच्या गोल गोल गोळ्या असतात, आणि एक भाग निलगिरी. सिलोनच्या जागी निलगिरी मुद्दाम घेते कारण तोही डोंगरातला, वासाचा आणि तरतरीत, आणि आपल्याकडे सहज मिळतो. आज्जीसाठी तीनाला एक करते. आमच्या सीमाभागात एक सोय आहे बघा, कन्नड मुलखाला लागते ती डस्ट आणि महाराष्ट्राच्या सवयीची दाणेदार पत्ती दोन्ही एकाच दुकानात मिळतात, रविवार पेठेत ठोक दुकानदाराला विचारलं तर तो आतून तीन-चार डबे काढून वास घ्यायला देतो. सुटा चहा घेताना मात्र आधी पन्नास-शंभर ग्रॅमच घ्या आणि घरी येऊन ओल्या टीपकागदावर चिमूटभर पसरा, थोड्या वेळानं पान झटकून कागद नळाखाली धरा आणि उजेडात बघा. कागदावर रंगाचे डाग राहिले तर तो चहा रंगवलेला आहे, परत त्या दुकानात जाऊ नका.

आणि ठेवायचं कुठे, तर मसाल्याच्या कपाटात अजिबात नाही. चहा वास ओढतो. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतंय, तिथे पाकिटाला नुसता रबर लावून भागत नाही, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच पाहिजे, आणि एकदा उघडला की दोन-तीन महिन्यांत संपवायचा.

पाण्यावर कोणी बोलत नाही पण निम्मी चव तिथे असते. आमच्याकडे राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आलं की चहा नितळ होतो, लालबुंद, आणि उन्हाळ्यात पाणी आठ-आठ दिवस येत नाही तेव्हा बोअरच्या पाण्यावर तोच चहा काळपट, वर तेलकट साय आल्यासारखा पापुद्रा. तो पापुद्रा चहाचा दोष नाही, जड पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातले घटक एकत्र येऊन तो तयार होतो. बोअर असेल तर ह्या चहापुरतं फिल्टरचं पाणी घ्या.

दुसरं म्हणजे बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० अंशावर नाही तर ९७-९८ वरच उकळतं. फरक थोडाच, पण काळ्या चहाला जेवढं गरम तेवढं चांगलं, म्हणून इथे आळस करून चालत नाही. गॅस बंद करून फोन घेतला आणि मग पाणी ओतलं असं नको, बुडबुडे फुटत असतानाच ओतायचं.

टीपॉट नसला तर काही बिघडत नाही. घट्ट झाकणाचं स्टीलचं भांडं घ्या, त्यात आधी थोडं उकळतं पाणी फिरवून ओतून द्या म्हणजे भांडं गरम होतं, कपही तसेच गरम करून घ्या. दोन कपांना, म्हणजे ४०० मिली पाण्याला, पाच ग्रॅम चहा. चमच्यानं मोजाल तर सीटीसी दोन लहान चमचे सपाट पुरतो पण ऑर्थोडॉक्स पान हलकं आणि फुगीर असतं, त्याचे अडीच-तीन लागतात, म्हणून एकदा तरी काट्यावर मोजून बघा, मग अंदाज बसतो. चहा घालायचा, पाणी ओतायचं, झाकण, वर जाड टॉवेल. सीटीसी आणि टीबॅगला तीन मिनिटं, पानाला चार ते पाच. फोनवर टाइमर लावाच. आणि वेळ झाली की सगळाच्या सगळा चहा गाळणीतून दुसऱ्या गरम भांड्यात काढून घ्यायचा, लोक इथेच चुकतात, एक कप ओततात आणि उरलेला पानावरच ठेवतात, मग दुसरा कप घशाला ओढतो. कडक पाहिजे असेल तर पान वाढवा, मिनिटं वाढवू नका. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आज्जीसारखी माणसं खूश होतात.

दूध नंतर घालायचं, कारण मग रंग बघून थांबता येतं. आधी का नंतर ह्यावर इंग्लंडात भांडणं आहेत, आपण त्यात पडायला नको. किती, तर २०० मिलीच्या कपाला दोन मोठे चमचे, रंग भाजलेल्या विटेसारखा आला की बास. इथे आपल्या सवयीला मुरड घालावी लागते, कारण म्हशीचं घट्ट दूध आपल्या उकळलेल्या चहात फार छान लागतं पण ह्यात ते सगळ्यावर साय पसरवतं आणि पानाचा वासच जातो. गाईचं दूध किंवा नंदिनीचं निळं पाकीट, ज्यात तीन टक्के फॅट असतं, ते अगदी बेताचं बसतं. तापवून साय काढलेलं, कोमट, फ्रीजमधलं थेट नको. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहाच्या तुरटपणाला धरून ठेवतं म्हणून दोन चमच्यांतच चहा मऊ होतो. साखर आधी न घालता एक घोट घ्या. मग पाहिजे तर अर्धा चमचा. आलं, वेलची, गवती चहा ह्यात घालू नका, ते आपल्या रोजच्या चहाचं आहे आणि तिथेच शोभतं.

एक गोष्ट तब्येतीची. चहा जेवणातलं, भाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागू देत नाही, त्यामुळे ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी, आणि आपल्या घरातल्या बायकांत ते पुष्कळदा कमीच असतं, नाश्त्याबरोबर न घेता तासाभरानं घ्यावा. रक्त कमी असताना ब्रेकफास्ट ह्या नावासाठी खाण्याबरोबरच प्यायला पाहिजे असं काही नाही.

बाकीच्यांनी कशाबरोबर घ्यायचा? अंड्याचं ऑम्लेट आणि बेकरीचा पाव लोण्यात भाजून, हे तर झालंच. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, त्याच्यावर हा चहा म्हणजे लोण्याचा तेलकटपणा धुऊन जातो आणि भाजणीचा वास आसामच्या वासाशी जुळतो, मला तर हीच जोडी सगळ्यात आवडते. लिंबू पिळलेल्या पोह्यांबरोबर मात्र नको, आंबट आणि दुधाचा चहा जमत नाही. संकेश्वरी मिरचीच्या ठेच्याबरोबरही नको, गरम चहानं तिखट आणखी पेटतं.

आणि कुंदा. आमचा कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून, साखरेसकट तांबूस होईपर्यंत परतलेला, दुसरा चमचा घ्यायच्या आत तोंड गोडानं भरून जातं, म्हणून नेहमीच्या गोड चहाबरोबर तो खाववतच नाही. बिनसाखरेचा, कमी दुधाचा, पाच मिनिटं उतरलेला आसाम जास्तीचा चहा करा, एक घोट, मग अर्धा चमचा कुंदा, मग परत घोट. आज्जीला मी असाच दिला, पावसाळ्यात, सकाळी, साखर घातलेली नाही हे न सांगता. तिनं कप संपवला, कुंद्याची वाटी पुसून खाल्ली आणि भांड्याचं झाकण काढून आत बघत विचारलं, "हाय का गं अजून घोटभर?"